नारू निर्मूलन

नारू हा पिण्याच्या पाण्यातून होणारा कृमिरोग. त्यावर लस नाही आणि कृमी मारणारे औषधही नाही. तरीही १९८६ च्या सुमारास आफ्रिका व आशियात वर्षाला अंदाजे ३५ लाख लोकांना होणाऱ्या या रोगाचे २०२४ मध्ये जगभरात अवघे १५ रुग्ण नोंदले गेले.

साचलेल्या पाण्यातील सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म जीवांच्या पोटात नारूच्या अळ्या असतात. असे पाणी प्यायल्यावर साधारण वर्षभराने सुमारे दोन-तीन फूट लांबीची मादी, बहुधा पायावर फोड आणून, कातडीबाहेर डोकावते. आग शमवण्यासाठी रोग्याने पाय पाण्यात बुडवला की ती लाखो अळ्या सोडते आणि चक्र पुन्हा सुरू होते. कृमी काडीला गुंडाळत रोज थोडाथोडा ओढून काढायचा, हाच उपाय. घाईत तो तुटला तर जखम चिघळते. मरण क्वचितच येते, पण रोगी कित्येक आठवडे अंथरुणाला खिळतो. ऐन शेतीच्या कामात हे घडले तर वर्षाचे पीक जाते.

सायक्लॉप्स नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतो, म्हणूनच दाट विणीच्या फडक्यात तो अडकतो. पाणी गाळणे, सायक्लॉप्स मारणारे टेमेफॉस हे रसायन पाण्यात टाकणे, हातपंप बसवणे आणि रोग्याला पाणवठ्यात उतरू न देणे, एवढ्यावरच मोहिमेची सारी भिस्त राहिली. महाराष्ट्रासह भारतातील नारूग्रस्त राज्यांत पायऱ्यांच्या विहिरी हे मोठे उगमस्थान होते, कारण पाणी भरणाऱ्यांचे पाय थेट पाण्यात पडत. त्या बंदिस्त करणे हे राष्ट्रीय कार्यक्रमाचे कळीचे काम ठरले. देशातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात, जोधपूर जिल्ह्यात आढळला. २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले.

आफ्रिकेत काम अधिक बिकट होते. १९९५ मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सुदानच्या यादवीत मध्यस्थी करून जवळपास सहा महिन्यांचा युद्धविराम घडवला, तेव्हा कुठे आरोग्य कर्मचाऱ्यांना गावांत शिरता आले. २०१२ पासून मात्र चाड या देशातील कुत्र्यांत हाच कृमी सापडू लागला आणि फक्त माणसांवर आखलेले गणित चुकले. आता तेथे कुत्री बांधून ठेवायला आणि कुत्र्यांनी खाऊ नयेत म्हणून माशांची आतडी पुरायला गावकऱ्यांना सांगितले जाते, कारण त्यांतून कुत्र्यांना लागण होऊ शकते. बाधित जनावर कळवणाऱ्याला बक्षीसही मिळते.