मिसळ पार्सलच का न्यायची?

कोल्हापुरात राजारामपुरीत खोली घेऊन शिकणारा बारावीतला एखादा मुलगा डोळ्यांसमोर आणावा. मित्र मिसळ खायला निघाले की तो अभ्यासाचे निमित्त सांगतो आणि नंतर एकटाच जाऊन पार्सल आणतो. चारचौघांत खाताना आपला हात थरथरेल, कट शर्टावर सांडेल आणि सगळे आपल्याकडेच बघतील, ही धास्ती त्याने कुणालाही बोलून दाखवलेली नसते. घरचे म्हणतात, ‘पोरगं जरा बुजरं आहे, वयाबरोबर सुधारेल.’

बुजरे मूल लग्नघरात पहिला तासभर आईच्या मागे उभे राहते आणि मग भावंडांत मिसळून जाते. सोशल अँग्झायटी डिसऑर्डर, म्हणजे सामाजिक चिंता विकार, असलेल्याची भीती अशी ओसरत नाही. कार्यक्रमाआधी कित्येक दिवस ती छळते आणि कार्यक्रम उरकल्यावरही ‘मी काय बोलून बसलो’ याची उजळणी चालू राहते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत या विकाराला 1980 मध्ये ‘सोशल फोबिया’ या नावाने स्वतंत्र स्थान मिळाले. 2013 च्या आवृत्तीनुसार भीती किंवा टाळाटाळ साधारण 6 महिने किंवा अधिक काळ टिकलेली असावी आणि तिने शिक्षण, मैत्री किंवा रोजच्या व्यवहारात खरोखरच अडथळा आणलेला असावा. लहान मुलांबाबत आणखी एक अट आहे: ही भीती केवळ मोठ्यांसमोर नव्हे, तर समवयस्कांमध्येही दिसली पाहिजे. गुरुजींसमोर ततपप करणारा आणि मैदानात आरडाओरडा करणारा मुलगा त्यामुळे यातून सुटतो.

निदानातली खरी अडचण अशी की तपासणीची खोली हाच रुग्णाच्या भीतीचा प्रसंग असतो. अनोळखी माणूस समोर बसून प्रश्न विचारतो, मुलगा खाली बघतो आणि उत्तरे आई देते. म्हणून मुलाशी काही वेळ एकट्याने बोलणे आवश्यक ठरते. शिवाय ‘भीती वाटते का?’ या प्रश्नाला तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणू शकतो, कारण भीती वाटेल अशा ठिकाणी तो आता जातच नाही. ‘मित्रांबरोबर शेवटचं कधी खाल्लंस?’ हा प्रश्न माझ्या मते अधिक कामाचा आहे. मनोविकारतज्ज्ञ लिबोविट्झ यांच्या, या विकाराची तीव्रता मोजणाऱ्या 1987 च्या मापनश्रेणीत म्हणूनच 24 प्रसंगांसाठी भीती आणि टाळाटाळ यांना वेगवेगळे गुण दिले जातात. अर्थात नुसत्या गुणांवरून निदान होत नाही.

टाळण्याचे कारणही खोदून विचारावे लागते. नवरात्रात महाद्वार रोडवर जायला नकार देणाऱ्या दोघांपैकी एकाला गर्दीत जीव घाबरला तर बाहेर पडता येणार नाही असे वाटते, तर दुसऱ्याला लोक आपल्याला न्याहाळतील असे. यातला दुसराच या विकाराच्या जवळ जातो. नैराश्यात लोकांत मिसळायची इच्छाच मेलेली असते, इथे इच्छा शाबूत असते. थायरॉइड ग्रंथीचे संप्रेरक जास्त झाल्यानेही हात थरथरतात आणि छाती धडधडते, त्यामुळे डॉक्टर कधी कधी रक्ताची तपासणी सांगतात, पण या विकाराची अशी रक्ततपासणी नाही.

निदान झाल्यावर प्रामुख्याने बोधात्मक वर्तन उपचार (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा संवादातून होणारा उपचार) आणि गरजेनुसार औषधे दिली जातात. सल्ल्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक आहे. उपचारात मुलाला थेट व्यासपीठावर ढकलत नाहीत. पार्सल न बांधता बाकड्यावर बसायचे, हात थरथरला तर थरथरू द्यायचा आणि मोबाइलमध्ये तोंड न खुपसता, शेजारचे खरोखर आपल्याकडे बघतात की आपापल्या ताटातला कट संपवतात, हे मान वर करून पाहायचे, इतकाच पहिल्या आठवड्याचा गृहपाठ असू शकतो.