लशीचा टक्का येतो कुठून?

९ नोव्हेंबर २०२० रोजी फायझर आणि बायोएनटेक या कंपन्यांनी जाहीर केलं, की त्यांची कोविडवरची लस ९० टक्क्यांहून अधिक परिणामकारक दिसते आहे. आठवड्याभरात मॉडर्नाने ९४.५ टक्के सांगितले, २३ तारखेला ऑक्सफर्ड-अ‍ॅस्ट्राझेनेकाचा ७० हा आकडा आला. मग कोणती लस पहिली आणि कोणती तिसरी, याची क्रमवारी लावायला कोणाला तज्ज्ञाची गरज उरली नाही.

फायझरच्या चाचणीत ४३ हजारांहून अधिक स्वयंसेवक आहेत, हे सगळीकडे छापून आलं. पण तो ९० टक्क्यांचा निष्कर्ष उभा होता अवघ्या ९४ माणसांवर.

यात काळंबेरं काही नाही. औषधाची चाचणी आजारी माणसांवर होते, लशीची धडधाकट माणसांवर. निम्म्या लोकांना लस टोचायची, निम्म्यांना मिठाचं पाणी, म्हणजे सलाईन. कोणाला काय मिळालं हे टोचून घेणाऱ्याला ठाऊक नसतं आणि त्याला पुढे तपासणाऱ्या डॉक्टरलाही. (फायझरच्या चाचणीत लस आणि सलाईन दिसायला सारखी नव्हती. त्यामुळे सुई भरणाऱ्या आणि टोचणाऱ्या कर्मचाऱ्यांना खरं काय ते माहीत असे. तपासणारे वेगळे.) त्यानंतर सगळ्यांनी आपापल्या घरी जायचं, नेहमीसारखं वागायचं, आणि संशोधकांनी वाट पाहायची. कशाची? तर लोक आजारी पडण्याची.

आजारी कोणाला म्हणायचं, हेही आधीच लिहून ठेवलेलं असतं. फायझरच्या चाचणीत ताप, नव्याने सुरू झालेला खोकला, धाप, थंडी वाजणं, अंगदुखी, घसा दुखणं, जुलाब, उलट्या, वास किंवा चव जाणं यांतलं किमान एक लक्षण हवं आणि सोबत नाकातल्या नमुन्याची तपासणी पॉझिटिव्ह यायला हवी. तेही दुसरा डोस घेऊन सात दिवस उलटल्यावर. त्याआधी आजारी पडलेला माणूस मुख्य हिशेबात धरला जात नाही.

असे ठरावीक रुग्ण जमले, की कंपनीबाहेरच्या तज्ज्ञांची एक समिती पाकीट उघडते आणि त्यांतल्या किती जणांना लस मिळाली होती, किती जणांना सलाईन, हे पाहते. फायझरची पहिली आकडेमोड मुळात ३२ रुग्णांवर व्हायची होती. अमेरिकेच्या औषध नियामकांशी बोलणी होऊन ती किमान ६२ वर नेली गेली. बोलणी आटोपेपर्यंत साथ इतकी भडकली होती, की आकडा ९४ वर गेला होता. ८ नोव्हेंबरला समितीने विभागणी पाहिली आणि दुसऱ्या दिवशी जगाला कळलं.

शेवटच्या मोजणीत रुग्ण झाले १७०. सलाईनवाले १६२, लसवाले ८. दोन्ही गट जवळजवळ सारख्याच आकाराचे, त्यामुळे लस निरुपयोगी असती तर हे रुग्ण साधारण ८५-८५ असे वाटले गेले असते. १७० वेळा नाणं उडवून १६२ वेळा छापा पडला, तर त्याला योगायोग म्हणणारा माणूस जुगारात घर घालवून बसेल. १६२ च्या जागी ८ म्हणजे ९५ टक्क्यांची घट. तो प्रसिद्ध टक्का एवढ्याच वजाबाकीतून आला आहे.

म्हणूनच ‘९५ टक्के म्हणजे शंभरातले पाच लसवंत आजारी पडणार’ हा अर्थ साफ चुकीचा आहे. मुख्य हिशेबात लस घेतलेले १८,१९८ जण होते आणि त्यांतले आजारी पडले आठ. सलाईनच्या गटातसुद्धा त्या काळात शंभरामागे एकही पूर्ण माणूस आजारी पडला नव्हता. टक्का सांगतो तो दोन गटांमधला फरक. तुमचा स्वतःचा धोका किती, हे तुमच्या गावात साथ किती पसरली आहे त्यावर ठरतं.

माझ्या मते टक्क्यापेक्षा जास्त बोलकी गोष्ट आहे ती ‘आजारी कोणाला धरलं’ ही. चीनच्या कोरोनाव्हॅक लशीची ब्राझीलमध्ये चाचणी झाली, तेव्हा जानेवारी २०२१ मध्ये ती चाचणी घेणाऱ्या तिथल्या बुटांटन संस्थेने आधी ७८ टक्के असा आकडा सांगितला. पाचच दिवसांनी तो ५०.३८ झाला. लस तीच, स्वयंसेवक तेच. पहिल्या आकड्यात उपचार घ्यावे लागलेलेच रुग्ण मोजले होते. दुसऱ्यात अगदी सौम्य लक्षणांचेही. शिवाय स्वयंसेवक होते आरोग्य कर्मचारी, म्हणजे विषाणूशी रोजची गाठ असणारी माणसं. याच लशीचा तुर्कस्तानातला आकडा पुढे ८३.५ टक्के आला. यातला कोणताही आकडा खोटा नव्हता. पण त्यातला सोयीचा तेवढा आधी सांगायचा, हे शहाणपणाचं नव्हतं. साथीच्या काळात विश्वास गेला की तो टक्केवारीने परत येत नाही.

ऑक्सफर्डच्या ७० टक्क्यांची गंमत आणखी वेगळी. दोन पूर्ण डोस घेणाऱ्यांत परिणामकारकता ६२ टक्के निघाली आणि पहिला डोस अर्धा मिळालेल्यांत ९०. अर्धा डोस हा मूळ बेत नव्हता. लशीची तीव्रता मोजण्याच्या पद्धतींतल्या फरकामुळे तो दिला गेला. त्या छोट्या गटात पंचावन्नच्या वरचं कोणी नव्हतं, हे नंतर समोर आलं. दोन वेगळ्या प्रयोगांची सरासरी काढून एक ठसठशीत आकडा पुढे केला, तर वाचणाऱ्याचा गोंधळ होणारच.

आणि काही प्रश्नांना अशी चाचणी हात घालूच शकत नाही. फायझरच्या त्या मोजणीत लक्षणं दिसलेल्यांचीच तपासणी झाली होती, त्यामुळे लक्षणांशिवाय संसर्ग होतो का, लसवंत दुसऱ्याला रोग देतो का, हे त्यातून कळणार नव्हतं. दुर्मीळ दुष्परिणामांचंही तसंच. २० हजार जणांना लस दिली आणि एखादा त्रास एकालाही झाला नाही, तरी तो साडेसहा हजारांत एकाला होण्याइतपत धोका शिल्लक असू शकतो. अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या लशीनंतर क्वचित होणाऱ्या रक्ताच्या गुठळ्या लाखात एक-दोन जणांत दिसणाऱ्या. त्या २०२१ च्या मार्चमध्ये, लाखो लोकांना लस टोचल्यावरच नजरेत आल्या. चाचणीत हलगर्जी झाली म्हणून हे सुटलं असं नाही; तेवढ्या माणसांत ते दिसणंच कठीण होतं.

वाट पाहण्याच्या या पद्धतीला एक विचित्र अट चिकटलेली आहे. साथ जोरात असेल तरच निकाल लवकर लागतो. झिकाच्या लशी चाचणीला तयार होईपर्यंत साथ ओसरली होती, आणि लस रोग रोखते की नाही हे ठरवायला पुरेसे रुग्णच मिळाले नाहीत. २०१५ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशात इबोलाचे रुग्ण घटत चालले होते, तेव्हा संशोधकांनी वेगळी वाट काढली. रुग्ण सापडला, की त्याच्या संपर्कातल्या आणि त्यांच्याही संपर्कातल्या लोकांचं एक कडं करायचं. चिठ्ठी टाकल्यासारखं काही कड्यांना लगेच लस द्यायची, काहींना २१ दिवसांनी. लगेच लस मिळालेल्यांत दहाव्या दिवसानंतर एकही रुग्ण आढळला नाही. उशिरा मिळालेल्यांत आढळले.

कोविडच्या चाचण्यांमध्ये प्रश्न उलटा झाला. लस चालते हे सिद्ध झाल्यावर सलाईनवाल्या गटाला लशीविना ठेवायचं कसं? डिसेंबर २०२० पासून त्यांनाही लस देऊ केली गेली आणि तुलनेचा गट हळूहळू विरघळला. तोवर हाती आलेल्या सहा महिन्यांच्या माहितीत फायझर लशीचा टक्का सुरुवातीच्या ९६ वरून चौथ्या ते सहाव्या महिन्यात ८४ च्या आसपास उतरलेला दिसला. त्यापुढचे आकडे सलाईनच्या गटाशी ताडून आलेले नाहीत. रुग्णालयांच्या आणि लसीकरणाच्या नोंदी एकमेकींशी जुळवून ते काढावे लागले.