गुन्हेगारीशास्त्र व फौजदारी न्याय : पदव्युत्तर शिक्षण (भारत)

गुन्ह्याची कारणे, त्याची नोंद व तपास, खटला, शिक्षा आणि शिक्षेनंतरचे पुनर्वसन यांचा एकत्रित अभ्यास करणारा, सामान्यतः दोन वर्षांचा व चार सत्रांचा विद्यापीठीय अभ्यासक्रम.

भारतात त्याची सुरुवात कोठे झाली याबद्दल एकमत नाही. मध्य प्रदेशातील सागर विद्यापीठात १९५९ मध्ये गुन्हेगारीशास्त्र व न्यायसहायक विज्ञानाचा (फॉरेन्सिक सायन्सचा) स्वतंत्र विभाग निघाला आणि अनेक लेखक तोच आरंभ मानतात. दुसरे मत मुंबईकडे बोट दाखवते. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या व पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेत समाजकार्याच्या शिक्षणाचा भाग म्हणून हा विषय आधीपासून होता. अमेरिकन गुन्हेगारीशास्त्रज्ञ वॉल्टर रेक्लेस संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ म्हणून १९५१-५२ च्या सुमारास भारतात आले व त्यांनी कारागृह अधिकाऱ्यांना याच संस्थेत प्रशिक्षण दिले. विशेषीकरणाने निश्चित स्वरूप त्यानंतर, बहुधा १९५० च्या दशकातच, घेतले. स्वतंत्र विभाग हीच कसोटी धरली तर सागरचा दावा टिकतो. परंतु शिक्षणाची परंपरा पाहायची तर मुंबईचे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण येथे गरज आधीच उभी होती : मुंबई बालक अधिनियम १९२४ चा आणि मुंबई प्रांताचा परिवीक्षा कायदा (गुन्हेगाराला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळे ठेवण्याचा) १९३८ चा. या कायद्यांच्या अंमलबजावणीसाठी प्रशिक्षित माणसे लागत होती.

या दुहेरी उगमाचा परिणाम आजही दिसतो. सागरच्या धर्तीवरील अभ्यासक्रम प्रयोगशाळा, पुरावा व तपास यांकडे झुकतात. मुंबईचा प्रवाह कैदी, कच्चे कैदी, विधिसंघर्षग्रस्त बालके (गुन्ह्याचा आरोप असलेली मुले) व पीडित यांच्याकडे. पदव्यांची नावे सारखी असली तरी शिक्षण वेगळे असते, म्हणून प्रवेशापूर्वी विषयपत्रिका व क्षेत्रकार्याचे तास पाहणे आवश्यक ठरते. फौजदारी कायद्यातील एलएल.एम. हा तिसरा मार्ग. त्यासाठी विधी पदवी लागते. राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाची स्थापना २०२० च्या कायद्याने झाली. त्याचे एक केंद्र गोव्यातही आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता व भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. त्या दिवसापूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी भारतीय दंड संहिताच लागू असल्याने विद्यार्थ्याला दोन्ही कलमे माहीत असावी लागतात : खुनाच्या शिक्षेचे कलम जुन्यात ३०२, नव्यात १०३. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, अशी तरतूद सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये आहे. राज्यांना ती टप्प्याटप्प्याने लागू करता येते.

प्रबंध बहुतेक वेळा आकडेवारीपाशी अडतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा वार्षिक अहवाल नोंदवलेले गुन्हे मोजतो, घडलेले नव्हे. एका प्राथमिक माहिती अहवालात (एफआयआर) अनेक गुन्हे असतील तर सर्वांत गंभीर तेवढाच मोजला जातो. खुनासोबत घरफोडीचे कलम असल्यास घरफोडी आकड्यांतून गळते. त्यामुळे एखाद्या जिल्ह्यातील वाढ ही गुन्ह्यांची की नोंदणीतील सुधारणेची, हे अहवालावरून ठरवता येत नाही. पोलीस ठाणेनिहाय नोंदी आणि पीडितांचे सर्वेक्षण जोडावे लागते. दुसरी चूक नमुन्याची. भारतीय कारागृहांतील सुमारे तीनचतुर्थांश बंदी कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांच्यावरील आरोप सिद्ध झालेला नाही. त्यांच्या मुलाखतींवरून ‘गुन्हेगारांची’ वैशिष्ट्ये काढणारा प्रबंध मुळातच सदोष ठरतो.

कारागृहात जाण्यासाठी महाराष्ट्रात पुणे येथील कारागृह व सुधारसेवा मुख्यालयाची लेखी परवानगी घ्यावी लागते. अर्जासोबत संस्थेचे पत्र, प्रश्नावली व कारागृहांची यादी जोडणे हिताचे असते. विषय ठरताच अर्ज करावा; शेवटच्या सत्रात केलेला अर्ज वेळेत निकाली निघेलच असे नाही. बंद्याची संमती अधिकाऱ्यासमोर घेतली तर ती खरी संमती राहत नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ चे कलम ७४ बालकाची ओळख उघड करण्यास मनाई करते, म्हणून नाव वगळून गाव व शाळा लिहिणेही चालत नाही.

ही पदवी पोलीस भरतीत थेट प्रवेश देत नाही. महाराष्ट्रात उपनिरीक्षकाच्या परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी पुरते. परिवीक्षा, कारागृह कल्याण, विधी सेवा प्राधिकरणे व स्वयंसेवी संस्था ही मुख्य क्षेत्रे. अध्यापनासाठी राष्ट्रीय पात्रता परीक्षेत गुन्हेगारीशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे. बाल न्याय मंडळावरील समाजसेवक सदस्यासाठी मात्र कायदा बालकांविषयीच्या कामाचा सात वर्षांचा अनुभव मागतो, किंवा बालमानसशास्त्र, मनोविकारशास्त्र, समाजशास्त्र वा विधी यांतील पदवी असलेला व्यावसायिक. त्या यादीत गुन्हेगारीशास्त्राचा उल्लेख नाही.