सूत जुळलं का?

माझी मैत्रीण सोलापुरात अशोक चौकाच्या मागे राहते. घरी तेलुगू, शाळा मराठी, टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचं काम. बाळंतपणानंतर रात्र-रात्र झोप लागेना, म्हणून समुपदेशक बाईंकडे जाऊ लागली आणि दोन सेशननंतर थांबली. ‘‘बाई चांगल्या आहेत गं, पण तिथं माझं बोलणंच निघत नाही.’’ घरच्यांनी याला नखरे म्हटलं.

हे नखरे नाहीत. थेरपिस्टशी सूत जुळणं हा उपचाराचाच भाग आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी 1979 मध्ये या नात्याचे तीन घटक मांडले: एकमेकांवरचा विश्वास, कुठे पोचायचं यावर एकमत आणि त्यासाठी काय करायचं यावर एकमत. पुढे 2018 मध्ये 295 अभ्यास आणि तीस हजारांहून जास्त रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. कुणाला जास्त गुण येतो, कुणाला कमी. या फरकातला सुमारे 8 टक्के भाग नात्याशी जोडलेला दिसला. आकडा लहान वाटेल, पण थेरपीची पद्धत कुठलीही असो, हा संबंध दिसतोच. बरं वाटू लागलं की नातंही घट्ट होतं, म्हणजे परिणाम दोन्ही बाजूंनी होतो, हेही खरं.

सोलापुरात मला भाषेचा मुद्दा सगळ्यात मोठा वाटतो. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एकाच गल्लीत ऐकू येतात. नंतर शिकलेल्या भाषेत बोलताना भावनेची धग अनेकांना कमी जाणवते. मैत्रिणीचं तेच होत होतं. रडू तेलुगूत यायचं आणि सांगायचं मराठीत.

थेरपिस्ट निवडताना आधी पात्रता बघा. औषध देणारे मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर असतात. बोलण्यातून उपचार करणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. नोंदणी विचारण्यात संकोच नको. ‘वेटिंगमध्ये ओळखीचं कुणी भेटलं तर?’ ही धास्ती आपल्या गावात खरीच आहे. किमान आत बोललेलं गुप्त राहण्याचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिला आहे.

मग दोन-तीन सेशन द्या. जुनं दुखणं उकरल्यावर घरी येताना जड वाटणं म्हणजे जुळलं नाही असं नव्हे. पण प्रत्येक वाक्य गाळून बोलावं लागत असेल, ‘जरा ॲडजस्ट करा’ असा उपदेश मिळत असेल, तर थांबून विचार करा. सोडण्याआधी मात्र एकदा तोंडावर सांगा. मागावर धागा तुटला की माग थांबवून गाठ मारतात, ठाण फेकून देत नाहीत. नात्यातली अशी तूट दोघांनी बोलून सांधली, तर उपचाराला फायदाच होतो, असं संशोधन सांगतं. तरीही जुळलं नाही तर दुसरीकडे जाणं हा तुमचा हक्क.

जीव द्यावासा वाटत असेल तर मात्र जुळण्याची वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास, मोफत आहे आणि तिथं मराठीसोबत तेलुगूतही बोलता येतं.

मैत्रीण पुन्हा गेली. म्हणाली, ‘‘मॅडम, मला मराठीत रडता येत नाही.’’ बाई म्हणाल्या, ‘‘मग तेलुगूत बोल. मला कळणार नाही, पण मी इथंच बसते. नंतर जेवढं जमेल तेवढं मराठीत सांग.’’ ती दहा मिनिटं तेलुगूत बोलत राहिली. बाईंनी पेन खाली ठेवलं होतं.