नाव एकच, वॅट वेगळे: लॅपटॉप आणि डेस्कटॉप प्रोसेसरची पार्श्वभूमी

बारावीचे निकाल लागले की कुडाळ, कणकवली, रत्नागिरीच्या कॉम्प्युटरच्या दुकानांत एक प्रश्न हमखास येतो. मुलगी इंजिनिअरिंगला निघालेली असते, सोबत बाबा असतात आणि समोर दोन कोटेशनं, एक लॅपटॉपचं, एक डेस्कटॉपचं. "दोघांतय आय-सेवनच आसा मां, मगे फरक कसलो?" आय-सेवन हे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरचं, म्हणजे संगणकाचं काम चालवणाऱ्या मुख्य चिपचं, नाव. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र चाळीस-पंचेचाळीस वर्षं मागे गेल्याशिवाय नीट देता येत नाही.

सुरुवातीला लॅपटॉपची आणि डेस्कटॉपची अशा चिपच्या दोन जाती नव्हत्याच. १९८१ साली आलेला ऑस्बोर्न-१ हा उचलून नेता येणारा संगणक जवळपास ११ किलोचा होता. त्यात झेड-८० हीच टेबलावरच्या मशीनमध्ये चालणारी चिप होती आणि तो भिंतीतल्या प्लगवरच चालायचा. पुढे बॅटरी आली आणि एकेक वॅट मोजायची वेळ आली. इंटेलने १९९० मध्ये ३८६-एसएल काढला. काम नसलेले भाग ऑपरेटिंग सिस्टिमच्या नकळत झोपवण्याची सोय त्यात होती. लॅपटॉपसाठी वेगळा विचार करून घडवलेल्या चिपांची वाट इथून सुरू होते.

२००० च्या जानेवारीत इंटेलच्या लॅपटॉपसाठीच्या मोबाइल पेंटियम-३ मध्ये स्पीडस्टेप आलं, म्हणजे गरजेप्रमाणे चिपचा वेग उतरवण्याची सोय. प्लगवर असताना ६५० मेगाहर्ट्‌झ, बॅटरीवर गेला की ५००. त्यासोबत व्होल्टेजही १.६ वरून १.३५ वर उतरायचं, आणि खरी बचत तिथे होती. चिप खाते ती वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. गणित मांडून बघा: वेग २३ टक्क्यांनी घटला, वीज मात्र सुमारे ४५ टक्क्यांनी. याच हिशेबामुळे लॅपटॉपची चिप थोडी मंद ठेवली की खूप थंड राहते, आणि डेस्कटॉपची चिप शेवटच्या थोड्या वेगासाठी वारेमाप वीज खाते.

हे सगळ्यात ठळकपणे दिसलं ते पेंटियम-४ च्या काळात. तेव्हा जाहिरातीत एकच आकडा असायचा, चिपचे सेकंदाला किती अब्ज ठोके पडतात तो, गिगाहर्ट्‌झ. तो आकडा चढवण्यासाठी चिपचं काम बारीक बारीक टप्प्यांत तोडलं गेलं: आधी २० टप्पे, २००४ च्या प्रेसकॉटमध्ये ३१. पुढची सूचना कोणती येणार हा चिपचा अंदाज चुकला की इतके टप्पे रिकामे करून पुन्हा भरावे लागत, आणि उष्णता तर वाढतच गेली. ३.८ गिगाहर्ट्‌झचं मॉडेल ११५ वॅटला पोचलं. ४ गिगाहर्ट्‌झचं जाहीर करूनही शेवटी रद्द करावं लागलं.

त्याच सुमाराला, मार्च २००३ मध्ये, इस्रायलमधल्या हैफाच्या इंटेल चमूने पेंटियम-एम बाजारात आणला. तो लॅपटॉपसाठीच होता: १.६ गिगाहर्ट्‌झ, २४.५ वॅट. कागदावर मागासलेला वाटणारा हा प्रोसेसर रोजच्या कामात कितीतरी जास्त गिगाहर्ट्‌झच्या पेंटियम-४ च्या बरोबरीने धावायचा, कारण प्रत्येक ठोक्याला तो जास्त काम उरकायचा. पुढे याच घराण्यातून २००६ चा कोअर-२ ड्युओ आला. डेस्कटॉपवर ६५ वॅट, लॅपटॉपवर ३५, मूळ रचना एकच. प्रोसेसरच्या इतिहासातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी घटना हीच. डेस्कटॉपचा वंश लॅपटॉपने चालवला.

रचना एक झाली, मग नावंही एक झाली आणि गिऱ्हाईक गोंधळलं. २०१७ च्या सुमारास आय-७ ७५००यू म्हणजे दोन कोअर (चिपमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग), १५ वॅट. आय-७ ७७०० म्हणजे चार कोअर, ६५ वॅट. खोक्यावर दोन्हीकडे आय-७. शेवटचं 'यू' हे अक्षर सगळा फरक सांगत होतं, पण ते कोणी वाचत नव्हतं. हे गिऱ्हाइकावर अन्याय करणारं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच वर्षी आलेल्या ८५५०यू ने १५ वॅटमध्येच चार कोअर दिले. मात्र त्याचा पायाचा वेग १.८ आणि टर्बो, म्हणजे थोडा वेळ गाठता येणारा कमाल वेग, ४.० गिगाहर्ट्‌झ. या दोन टोकांमध्ये तो बराच वेळ कुठे टिकणार, हे त्याच्याभोवतीचा पंखा ठरवतो.

इथे किनाऱ्यावरची हवा हिशेबात येते. बहुतेक चिप साधारण १०० अंशांच्या आसपास स्वतःला आवरतात. एसी ऑफिसात २२ अंश असतील तर मधे ७८ अंशांची मोकळीक मिळते. मे महिन्यात मालवणच्या घरात ३४ असतील तर ६६. म्हणजे तोच लॅपटॉप ऑफिसात ४५ वॅटची उष्णता बाहेर टाकत असेल, तर मालवणात ३८ च टाकेल. दमटपणाने चिप थेट तापत नाही, पण धूळ ओली होऊन चिकटते. दोन पावसाळे काढलेला लॅपटॉप उघडला की पंख्यामागच्या बारीक पात्यांवर राखाडी नमद्यासारखा थर बसलेला असतो, आणि समुद्राजवळचा असेल तर स्क्रू गंजलेले. डेस्कटॉपमध्ये मोठा पंखा, मोकळी जागा आणि ब्रशने साफ करण्याची सोय असते. व्हिडिओ रेंडर किंवा ऑटोकॅडचं जड काम तासन्‌तास करायचं तर त्याला अजून तोड नाही.

पण डेस्कटॉपला सतत वीज लागते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कित्येक दिवस अंधार होता. डेस्कटॉपचा यूपीएस काम सेव्ह करून बंद करण्यापुरता पुरतो, त्यापलीकडे नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात ॲपलने एम-१ आणला. आयफोनच्या चिपांच्या घराण्यातली ही एकच चिप पंखा नसलेल्या मॅकबुक एअरमध्येही होती आणि टेबलावरच्या मॅक मिनीतही. थोड्या वेळाच्या कामात दोन्ही सारखे, लांबलेल्या कामात एअर मागे पडतो. इंटेलने उलट टोक गाठलं. २०२३ च्या आय-९ १३९००एचएक्स मध्ये डेस्कटॉपच्या १३९००के इतकेच २४ कोअर आहेत, पण कमाल मर्यादा १५७ वॅट, तिकडे २५३. तेव्हा कोटेशन हातात घेताना मॉडेलचा पूर्ण नंबर शेवटच्या अक्षरासकट लिहून मागा. लॅपटॉप असेल तर त्याच मॉडेलमध्ये कंपनीने चिपला सलग किती वॅट दिलेत, हेही विचारा. एकाच चिपचे दोन लॅपटॉप याच आकड्यावर वेगळे ठरतात.