धावून येणाऱ्या पथकाचा खर्च नेमका कुठे होतो?

समजा, पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशीचा रुग्ण आहे. रात्रपाळीच्या सिस्टरने चार्टवर नोंद केली: श्वास मिनिटाला २४, ऑक्सिजन ९३ टक्के, वरचा रक्तदाब १०४, नाडी ११४, ताप ३८.४ अंश सेल्सिअस. रुग्ण जागा आहे, नीट बोलतोय. यातल्या एकाही आकड्याकडे बघून कोणी धावत सुटणार नाही. पण ब्रिटनमधल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली आणलेल्या आणि २०१७ मध्ये सुधारलेल्या ‘न्यूज’ तक्त्यावर, म्हणजे नोंद जितकी बिघडलेली तितके जास्त गुण देणाऱ्या तक्त्यावर, हेच आकडे मांडून बघा. श्वासाचे २ गुण, ऑक्सिजनचे २, रक्तदाबाचा १, नाडीचे २, तापाचा १. बेरीज ८. आणि ७ किंवा त्याहून जास्त बेरीज झाली की थांबायचं नाही, तातडीने मदत बोलवायची, असा नियम आहे.

बोलवायचं ते आयसीयूतून वॉर्डात धावून येणाऱ्या पथकाला. पण त्या पथकात डॉक्टर असावा की सिस्टर, यावर मात्र देशोदेशी वेगवेगळी उत्तरं निघाली.

आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांत ‘कोड ब्लू’ची घोषणा अनेकांनी ऐकली असेल. ती होते तेव्हा रुग्णाचं हृदय बहुधा बंद पडलेलं असतं. सिडनीच्या लिव्हरपूल हॉस्पिटलमध्ये केन हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये हा क्रम उलटा केला. हृदय बंद पडायच्या आधी काही तास शरीर इशारे देत असतं, मग आयसीयूची माणसं तेव्हाच वॉर्डात का पाठवू नयेत? त्यांचं पथक डॉक्टरांच्या नेतृत्वाखालचं होतं आणि ऑस्ट्रेलियात तीच पद्धत रुळली. ब्रिटनमध्ये २००० सालच्या सरकारी अहवालानंतर ‘आउटरीच’ पथकं उभी राहिली, ती मुख्यतः अनुभवी आयसीयू परिचारिकांची. अमेरिकेत डिसेंबर २००४ मध्ये रुग्णालयांतले एक लाख जीव वाचवण्याची मोहीम सुरू झाली आणि तिथेही परिचारिका व रेस्पिरेटरी थेरपिस्ट, म्हणजे श्वसनाचे उपचार सांभाळणारे तंत्रज्ञ, यांची पथकं पसरली.

आता हिशेबनीस विचारणारच: डॉक्टरपेक्षा सिस्टरचा पगार कमी, मग सिस्टरचं पथक स्वस्त पडणार ना? पडतं. पण किती, हे बघण्यासारखं आहे.

आधी एक साधं गणित. वर्षाचे तास ८,७६०. सुट्ट्या, रजा, प्रशिक्षण वजा जाता एक पूर्णवेळ माणूस साधारण १,८०० तास हाती लागतो. म्हणजे चोवीस तास एक माणूस हजर ठेवायचा तर पगारपत्रकावर जवळजवळ पाच माणसं लागतात. एका खुर्चीमागे पाच. त्यामुळे त्या खुर्चीवर कोण बसतं याइतकंच महत्त्वाचं असतं ते हे, की ती व्यक्ती फक्त बोलावणं येण्याची वाट बघत बसते की आयसीयूत आपलं काम करता करता हाक आली की उठून जाते. रिक्षा दाराशी मीटर चालू ठेवून उभी करायची की लागेल तेव्हा कोपऱ्यावरून बोलवायची, असा तो फरक आहे.

फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये हा हिशेब पैशात मांडला. इतर कामं सांभाळून धावणारं सिस्टर आणि रेस्पिरेटरी थेरपिस्टचं पथक: वर्षाला २,८७,१४५ डॉलर. त्यातच आयसीयूचा फेलो, म्हणजे अजून शिकत असलेला डॉक्टर, धरला तर ३,५०,६९८. आणि वरिष्ठ आयसीयू डॉक्टरसह फक्त याच कामासाठी राखीव ठेवलेलं पथक? २३,५८,११२ डॉलर. पहिल्याच्या आठपटींहून जास्त. या उडीत वरिष्ठ डॉक्टरांचा पगारही आहे, हे खरं. तरी पहिल्या दोन आकड्यांकडे पुन्हा बघा. डॉक्टर आला म्हणून खर्च वाढला सुमारे साडेत्रेसष्ट हजार डॉलरने.

हे जास्त की कमी? याच अभ्यासात एक मापही दिलं होतं. आयसीयूत हलवल्यावर १२ तासांच्या आत ज्या मुलाला श्वासाचं यंत्र किंवा रक्तदाब टिकवणारी औषधं लागली, त्याच्या पुढच्या मुक्कामाचा खर्च अशी वेळ न येता आयसीयूत गेलेल्या मुलापेक्षा सरासरी ९९,७७३ डॉलरने जास्त निघाला. यावरून फेलो असलेलं पथक वर्षाला अशा साडेतीन घटना टाळू शकलं की त्याचा खर्च भरून निघतो. फक्त सिस्टर-थेरपिस्टच्या पथकाला भागाकार केला तर तीनपेक्षा थोड्या कमी पुरतात. म्हणजे डॉक्टरने वर्षभरात एक मूलही जास्तीचं सावरलं तरी त्याने आपला पगार फेडला. राखीव पथकाला मात्र चोवीसच्या आसपास घटना टाळाव्या लागतील. छोट्या रुग्णालयात एवढ्या घटना वर्षभरात घडणारही नाहीत, मग टाळणार कुठून?

नेदरलँड्समधल्या नायमेखेनच्या विद्यापीठ रुग्णालयातला हिशेब तर या वादाची हवाच काढून घेतो. तिथे एका सर्जिकल वॉर्डात ही व्यवस्था आणल्यावर खर्च किती वाढला, हे मोजलं गेलं. आकडा आला रुग्णामागे दिवसाला २६.८७ युरो. त्यात पथकाच्या प्रत्यक्ष भेटींचा वाटा अवघा २ टक्के! वॉर्डातल्या सिस्टरांनी जास्त वेळा नाडी-रक्तदाब बघण्यात घालवलेल्या वेळेचा वाटा त्याच्या चौपट, ८ टक्के. आणि तब्बल ८५ टक्के खर्च कशाचा, तर आधी न ठरलेल्या आयसीयू-मुक्कामाच्या वाढलेल्या दिवसांचा. पथक आलं, त्याने बघितलं, म्हणालं ‘वर हलवा’. खरं बिल तिथून पुढे सुरू झालं. रुग्ण आणखी लवकर, प्रकृती तितकी ढासळलेली नसताना आयसीयूत गेले असते तर हाच खर्च १० युरोंच्या घरात आला असता, असंही संशोधकांनी मांडून दाखवलं.

म्हणून पगाराच्या तुलनेवर केलेली चर्चा मला वाया गेलेली वाटते. विचारायचं ते हे, की पथक कोणाला आयसीयूत नेतं, कोणाला वॉर्डातच सलाईन आणि ऑक्सिजनवर सावरतं, आणि किती लवकर.

परिणामाच्या बाजूने काय दिसतं? २०१५ मध्ये २९ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. अशा व्यवस्थेमुळे प्रौढांमध्ये हृदय बंद पडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी आणि रुग्णालयातले मृत्यू १३ टक्क्यांनी कमी आढळले. पथकात डॉक्टर असण्या-नसण्याचा मृत्यूंच्या घटीशी ठळक संबंध मात्र सापडला नाही. त्याआधी २००५ साली ऑस्ट्रेलियातल्या २३ रुग्णालयांच्या ‘मेरिट’ चाचणीत तर पथकाचा ठोस फायदाच दिसला नव्हता. त्यामागचं एक कारण बोलकं आहे: पथक बोलवायचे निकष पूर्ण होऊनही बऱ्याच वेळा कोणी ते बोलावलंच नाही.

इथे सिस्टरच्या पथकाची एक जमेची बाजू आहे, जी कुठल्याच ताळेबंदात येत नाही. रात्री तीन वाजता ‘मला काहीतरी बरोबर वाटत नाहीये’ एवढ्यावर वरिष्ठ डॉक्टरला उठवायला वॉर्डातली नवी सिस्टर कचरते. ओरडा बसेल, ही भीती असते. दुसऱ्या सिस्टरला फोन करताना ती भीती नसते.

डॉक्टरची जमेची बाजू वेगळी, आणि फक्त घशात नळी घालण्यापुरती नाही. ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि स्वीडनमधल्या सात रुग्णालयांचा २०१२ चा अभ्यास सांगतो की पथकाला बोलावलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ एक तृतीयांश जणांच्या बाबतीत उपचार कुठवर न्यायचे याची मर्यादा आधीच ठरलेली होती किंवा त्या भेटीत ठरली. असाध्य आजाराच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसाला यंत्रावर न घेता वेदना शमवत वॉर्डातच राहू द्यायचं, हा निर्णय नातेवाइकांशी बोलून घ्यायला आणि केसपेपरवर सही करायला शेवटी डॉक्टरच लागतो. तो नसला की सिस्टरचं पथक रुग्णाला आयसीयूत पाठवतं. त्या परिस्थितीत दुसरं काही करणं सिस्टरच्या अधिकारात नसतं. मग ज्या खाटेची रुग्णाला गरज नव्हती आणि कदाचित इच्छाही नव्हती, तिचं भाडं दिवसागणिक चढत जातं.