समुद्रकिनारा सहलीचा कसा झाला

1885 च्या सुमारास बॉस्टनमधल्या दाटीवाटीच्या वस्तीत, एका प्रार्थनागृहाच्या आवारात, वाळूचा मोठा ढीग ओतला गेला. मुलांना खेळायला. कल्पना बर्लिनची होती. तिथल्या बागांमधले वाळूचे ढीग मारी झाकरेव्स्का या डॉक्टर बाईंनी पाहिले होते आणि त्यांची हकिगत त्यांनी बॉस्टनला कळवली होती. अमेरिकेतल्या सार्वजनिक क्रीडांगणांचा इतिहास बहुधा या ढिगापासूनच सांगतात. मला मात्र त्यातली एक गोष्ट लागून राहते. बॉस्टन हे बंदराचं शहर, समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि तरी मुलांच्या हाती वाळू द्यायला ती आणून ओतावी लागली. किनारा होता, पण त्या मुलांचा नव्हता.

किनाऱ्यालगतच्या उपनगरात राहणारं कुटुंब आज सुट्टीच्या दिवशी सहज पुळणीवर जातं. मुलं वाळूचे किल्ले करतात, ओहोटीला खडकांतली डबकी धुंडाळतात, मोठी माणसं कठड्यावर बसून राहतात. हे सगळं निसर्गानंच दिल्यासारखं वाटतं. वास्तविक किनारा ही शतकानुशतकं कामाची जागा होती. तिथं होड्या ओढून ठेवायच्या, जाळी वाळवायची, माल उतरवायचा. काम नसलेल्या माणसानं तिथं जाऊन दिवस घालवावा, ही कल्पना नवी आहे आणि तिचा उगम मौजेत नाही, दवाखान्यात आहे.

इंग्लंडमध्ये स्कारबरोला सतराव्या शतकात लोक औषधी झऱ्याचं पाणी प्यायला जात. झरा समुद्राच्या काठावरच असल्यामुळे पुढे डॉक्टर समुद्रस्नानही सांगू लागले. 1750 साली रिचर्ड रसेल या डॉक्टरांनी समुद्राच्या पाण्यानं ग्रंथींचे विकार बरे होतात असा लॅटिन प्रबंध लिहिला. त्यांच्या मते ते पाणी अंगावर घ्यायचं तसंच प्यायचंही होतं. ते ब्रायटनला स्थायिक झाले आणि त्यांच्यामागून ऐपतदार रोगी तिथं आले. 1789 साली राजा तिसरा जॉर्ज प्रकृतीसाठी वेमथच्या समुद्रात उतरला आणि या उपचाराला प्रतिष्ठा मिळाली. चार वर्षांनी जर्मनीत बाल्टिक समुद्राकाठी हायलिगेनडाम वसवलं गेलं. त्या काळी स्नान म्हणजे चाकांवरच्या लाकडी खोलीत बसायचं, घोड्यानं ती पाण्यात ओढून न्यायची, आणि आडोशानं डुबकी मारून परत यायचं. लहान मुलांनी किंचाळत लाटांशी पकडापकडी खेळावी असं त्यात काहीच नव्हतं.

रेल्वेनं हे पार बदललं. 1841 मध्ये लंडन-ब्रायटन गाडी सुरू झाली, 1846 मध्ये इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या ब्लॅकपूलला रूळ पोचले. गिरणीत राबणाऱ्या माणसाला सकाळी निघून रात्री घरी परतणं शक्य झालं. पण गाडी असून भागत नाही, मोकळा दिवसही लागतो. 1871 च्या कायद्यानं ब्रिटनमध्ये बँकांना ठरावीक सुट्ट्या मिळाल्या आणि हळूहळू त्या सगळ्यांच्याच झाल्या. पगारी रजा मात्र फार उशिरा आली: फ्रान्समध्ये 1936 साली दोन आठवड्यांची, ब्रिटनमध्ये 1938 च्या कायद्यानं. 1936 च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या अनेक कामगार कुटुंबांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला. किनाऱ्याच्या इतिहासात मी या दोन कायद्यांना कुठल्याही मनोऱ्यापेक्षा मोठं स्थान देईन.

गर्दी आली तशी करमणुकीची साधनं आली. समुद्रात शिरलेले लांब धक्के आधी बोटीतून उतरायला बांधले होते. वाइट बेटावरचा राइडचा धक्का 1814 चा. लोकांना त्यावर नुसतं चालत जाणंच आवडू लागलं. ब्लॅकपूलला 1885 मध्ये विजेची ट्राम आली, 1894 मध्ये उंच मनोरा उभा राहिला. वाळूवर मुलांना फिरवणारी गाढवं तर तिथली ओळखच झाली. त्यांच्यासाठी 1942 मध्ये नियम झाले आणि शुक्रवार हा गाढवांचा सुट्टीचा दिवस ठरला. माणसांच्या पगारी रजेनंतर अवघ्या चार वर्षांत हे झालं, याचं मला फार बरं वाटतं.

अमेरिकेत अटलांटिक सिटीनं 1870 साली लाकडी फळ्यांचा रस्ता घातला, तो पाहुण्यांच्या पायांची वाळू हॉटेलांत आणि रेल्वेच्या डब्यांत येऊ नये म्हणून. उन्हाळा सरला की फळ्या उचलून ठेवत. ती साधी सोय पुढे किनाऱ्यावरच्या शहरांची ठेवणच होऊन बसली. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर 1884 साली उतारावरून धावणारी करमणुकीची गाडी (रोलर कोस्टर) आली, 1897 नंतर एकामागून एक मनोरंजन उद्यानं उघडली. त्यातलं 'ड्रीमलँड' 1911 मध्ये जळून गेलं. 1920 मध्ये भुयारी रेल्वे तिथवर पोचली आणि पाच सेंटांत कुणीही जाऊ लागलं.

ओहोटीच्या डबक्यांचीही एक हकिगत आहे, आणि ती सुखाची नाही. 1850 च्या दशकात फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकानं काचेच्या टाकीत समुद्री जीव पाळण्याचा छंद लोकप्रिय केला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1853 मध्ये मत्स्यालय उघडलं. घरोघरच्या मंडळींनी बादल्या घेऊन खडक गाठले, आणि गॉसच्या मुलानं पुढे लिहून ठेवलं की बापाच्या आवडत्या किनाऱ्यावरची ती डबकी ओरबाडली गेली. डबक्यातला जीव पाहून तिथंच ठेवावा, ही आज मुलांना दिली जाणारी शिकवण त्या नुकसानीनंतरची आहे.

आता बॉस्टनकडे परत. शहराच्या उत्तरेला लागूनच रिव्हिअर हे किनाऱ्यावरचं उपनगर आहे, चंद्रकोरीसारख्या सुमारे तीन मैलांच्या पुळणीचं. 1875 पासून तिथं अरुंद मापाची रेल्वे होती, पण रूळ ऐन पुळणीवरून गेलेले, आणि आजूबाजूला हवी तशी उभी राहिलेली बांधकामं. चार्ल्स एलियट या उद्यानं आणि मोकळ्या जागांची आखणी करणाऱ्या रचनाकारानं आग्रह धरला की किनारा ही सगळ्या शहराची मालमत्ता आहे, ती विकत घेऊन मोकळी केली पाहिजे. त्यासाठी 1893 मध्ये महानगराच्या पातळीवर उद्यान आयोग नेमला गेला, कारण एकट्या गावाला हा खर्च आणि हा झगडा पेलणारा नव्हता. रूळ मागे सरकवले, बांधकामं हटवली, किनाऱ्यालगत रुंद रस्ता आणि चालायची वाट काढली. 1896 मध्ये रिव्हिअरची पुळण अमेरिकेतली पहिली सार्वजनिक पुळण म्हणून खुली झाली. एलियट पुढच्याच वर्षी, सदतीस वर्षांचा असताना, मेनिंजायटिसनं गेला. त्यानं सगळ्यात आधी काय केलं असेल तर वाळू आणि माणूस यांच्यामधला अडथळा बाजूला सारला. झुले, पाळणे, खाण्याची दुकानं रस्त्याच्या पलीकडे राहिली. किनाऱ्याच्या उपनगराचा आराखडा आजही याहून फारसा चांगला कुणाला सुचलेला नाही, असं माझं मत आहे.

ऑस्ट्रेलियात प्रश्न वेगळा होता. सिडनीच्या मॅन्ली उपनगरात दिवसाउजेडी समुद्रात पोहायला बंदी होती. 1902 मध्ये विल्यम गॉकर या स्थानिक संपादकानं जाहीर करून भर दिवसा पाण्यात उतरून ती मोडली. पुढच्या वर्षी मान ते गुडघे झाकणारा पोशाख घालण्याच्या अटीवर परवानगी मिळाली. लोक पाण्यात गेले आणि बुडूही लागले. त्यातून दोर आणि रीळ घेऊन उभी राहणारी स्वयंसेवी जीवरक्षक मंडळं निघाली. लाल-पिवळ्या झेंड्यांमध्येच पोहायचं, हा अनेक देशांतला नियम त्याच परंपरेतला आहे.

पण 'सगळ्यांचा किनारा' म्हणताना सगळे मोजले जात नव्हते. 1919 च्या जुलैमध्ये शिकागोत सतरा वर्षांचा यूजीन विल्यम्स हा कृष्णवर्णीय मुलगा तराफ्यावर खेळताना गोऱ्यांच्या समजल्या गेलेल्या पाण्यात वाहत गेला. काठावरून दगड आले आणि तो बुडून मेला. त्यातून उसळलेल्या दंगलीत 38 जणांचा जीव गेला. मिसिसिपीतल्या बिलॉक्सीमध्ये डॉ. गिल्बर्ट मेसन यांनी 1959 पासून लोकांना घेऊन निषिद्ध वाळूवर पाय ठेवण्याची आंदोलनं केली, मार खाल्ला, खटले लढवले. दक्षिण आफ्रिकेत 1953 च्या कायद्यानं किनारे वंशानुसार वाटले होते, ते 1989 च्या नोव्हेंबरमध्ये सर्वांना खुले झाले. बर्लिनची भिंतही त्याच महिन्यात पडली, त्यामुळे जगाच्या आठवणीत ही बातमी मागे राहिली.

हवा, वाहतं पाणी, समुद्र आणि त्याचा किनारा हे निसर्गतः सर्वांचे, असं सम्राट जस्टिनियनच्या रोमन कायदेसंहितेत सहाव्या शतकातच लिहिलं होतं. तरी भांडण संपलेलं नाही, फक्त सरकलं आहे. कॅलिफोर्नियात भरतीच्या सरासरी रेषेखालची ओली वाळू जनतेची आहे आणि 1976 च्या किनारा कायद्यानं तिथवर जायच्या वाटांना संरक्षण दिलं. मालिबूसारख्या गावात समुद्राकडे तोंड केलेली महागडी घरं खांद्याला खांदा लावून उभी आहेत. दोन घरांमधून वाळूकडे जाणाऱ्या अरुंद बोळांपैकी काही कुलपं घालून, खोट्या पाट्या लावून बंद केले गेले, आणि त्यातला एकेक उघडायला वर्षानुवर्षं गेली. उघडलेल्या बोळांतून आता मुलं बादली आणि फावडं घेऊन वाळूवर उतरतात.